भिंतीला तपकिरी कागद

“आई, ती पेटी या घरात परत येणार नाही. शेवटचं सांगतेय,” म्युरिअल म्हणाली आणि रबरी हातमोजे काढून तिने ते सिंकच्या कडेला वाळत घातले.

“परत कशाला येईल? ती घरातच होती. बाहेर काढली तूच,” एल्स्पेटमावशी म्हणाली.

मी अंड्यांची टोपली घेऊन मागच्या दारात उभी होते. भांडण बराच वेळ चाललेलं असावं, कारण दोघींच्या कपांतल्या चहावर साय धरली होती. ॲलिस्टर, म्हणजे मावशीचा मुलगा आणि म्युरिअलचा नवरा, टेबलाच्या टोकाला पेपर उघडून बसला होता. पान मात्र उलटत नव्हता. तो समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला होता, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. घरचे दोन आठवडे तो असाच पेपरामागे काढायचा.

एरवी जिन्याखाली असणारी पेटी आता अंगणात होती, कोळशाच्या खोलीला टेकवून ठेवलेली. मावशीची निळी लाकडी पेटी, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेली. आत तिचा तेलकापडाचा झगा, गुडघ्यापर्यंतचे बूट, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली बोटभर लांबीची सुरी आणि बोटांना बांधायच्या चिंध्यांची गुंडाळी. पंचवीस मोसमांचं मीठ आणि माशाचं तेल त्या लाकडात मुरलेलं होतं. खोटं कशाला बोलू, पेटीला वास होता. उन्हाच्या दिवशी जास्तच.

म्युरिअलचं म्हणणं असं होतं की पाहुण्यांच्या खोलीत एडिंबराचे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको उतरलेत, आणि त्या बाईंनी आज न्याहारीच्या वेळी हळूच विचारलं, जिन्याखाली काही मेलंय का.

“मेलं नाही म्हणावं,” मावशी म्हणाली. “स्वयंपाकघरात बसून चहा पितंय.”

ॲलिस्टरचा पेपर थोडा हलला. म्युरिअलने त्याच्याकडे पाहिलं आणि पेपर स्थिर झाला.

मग म्युरिअल माझ्याकडे वळली. तिला कुणीतरी पंच हवा होता आणि शेजारीण आयतीच आली होती. तिने मला सांगितलं की शनिवारी धक्क्यावर ‘हेरिंगचा दिवस’ आहे, जुन्या मासळीच्या धंद्याचा उत्सव, बँकेच्या मॅनेजरची बायको ऑगिल्वीबाई स्वतः सगळं बघतायत, आणि माशांची आतडी काढणारी जुन्या काळची बाई म्हणून एल्स्पेटआईंना बसवायचं, असा तिने महिन्यापूर्वीच शब्द दिलाय. आता आई हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. नुसत्या पेटीवरून अडून बसल्यात. “तुम्हीच सांगा नेट्टीताई. यात आईंचाच मान आहे ना?”

मी अंडी टेबलावर ठेवली आणि डझनभर आहेत एवढंच म्हणाले.

म्युरिअल वाईट बाई नव्हती. आतल्या गावची, कापडाच्या दुकानदाराची मुलगी. तिने उन्हाळी पाहुण्यांवर घर उभं केलं होतं, चादरींना इस्त्री करून करून मनगटं दुखवून घेतली होती. ऑगिल्वीबाईंच्या घरी चहाला जाता यावं एवढीच तिची या गावाकडून अपेक्षा होती, आणि एकवीस वर्षांत ते एकदाही झालं नव्हतं. शनिवारनंतर होणार होतं. तसं ऑगिल्वीबाईंनी सुचवलंही होतं. म्हणून तिला धक्क्यावर मावशी हवी होती. मावशीचा वास तेवढा नको होता.

एल्स्पेट फिंडले त्या वर्षी बहात्तर वर्षांची होती. ती पंधराव्या वर्षी मासळीच्या कामाला घरातून निघाली. हातात सुरी, डोक्याला रुमाल, आणि हीच पेटी, तेव्हा नवीकोरी. जूनमध्ये उत्तरेला शेटलंडच्या लर्विकला आणि पानगळीत खाली इंग्लंडात यारमथला. हेरिंगचे थवे समुद्रात जसे खाली सरकत, तशा आमच्या किनाऱ्यावरच्या या पोरी जमिनीवरून आगगाडीने खाली सरकत. तिघींची एक टोळी, दोघी आतडी काढणार आणि तिसरी पिंपात मासे रचणार. एकदा तिघी ठरल्या की मग लग्नं झाली, बाळंतपणं झाली, तरी टोळी तीच. मावशी आणि माझी आई ॲनी, या दोघी सुरीवाल्या. रचणारी डॉलीना, लुइस बेटावरची. उंचीला सहा फूट, कारण पिंपाच्या तळाशी हात पोचायला हवा.

आई या कामाविषयी फारसं बोलायची नाही. मावशी बोलायची, पण त्यात गोडवा नसायचा. लांब लाकडी हौद, त्यात मीठ मारलेले मासे, पायाखाली आतड्यांचा चिखल. सुरी घशात घालायची, एक वळसा द्यायचा, आतडं आणि कल्ले एका झटक्यात बाहेर, आणि मासा न बघता मागच्या टोपलीत. आकाराप्रमाणे पाच टोपल्या, मिनिटाला पन्नास मासे. चिंधी सुटली की मीठ बोटात शिरायचं आणि हाडापर्यंत भोक पडायचं. रात्री त्या भोकांना ब्रेडचं पोटीस लावून झोपायचं. “घाण काम होतं,” ती म्हणायची. “पण आम्ही ते स्वच्छ करायचो. आमच्या पिंपाचा तळ कुणीही उघडावा.”

ते खरंच होतं. तपासनीस पिंप वरून उघडत नसे. ते उलटं करून तळाकडून उघडायचा, कारण वरचा थर कुणीही नीट लावतं. या टोळीचं एकही पिंप पंचवीस मोसमांत तळाकडून नापास झालं नाही. मावशीला अभिमान असलाच तर तेवढाच होता, आणि त्याबद्दल तिला कुणी कधी विचारलं नाही.

तिचं स्वतःचं घर खाली किनाऱ्यावर, समुद्राकडे बिनखिडकीची बाजू करून बसलेलं, दोन खोल्यांचं. नवरा वारला. मग तीन वर्षांपूर्वी ती बर्फावर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ॲलिस्टरने तिला वर आपल्या घरी आणलं, हिवाळ्यापुरतं. हिवाळा संपला. तोवर म्युरिअलने खालच्या घराला पांढरा रंग दिला, भिंतीवर जुनं जाळं आणि जाळं तरंगवणारे काचेचे गोळे टांगले आणि ते आठवड्याच्या भाड्याने उन्हाळी पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. घर मावशीच्याच नावावर होतं. किल्ली म्युरिअलच्या ॲप्रनच्या खिशात असायची.

बुधवारी विद्यापीठाचा माणूस आला. प्रिंगल नाव, दाढी ठेवलेली, वय तिशीच्या आसपास. किनाऱ्यावरच्या बोलीतले शब्द गोळा करणं हे त्याचं काम. त्याने पुढच्या खोलीत टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवायला घेतला, तर म्युरिअलने आधी त्याखाली लेसचा रुमाल सरकवला. मलाही बोलावलं होतं, ॲनीची मुलगी म्हणून. मावशी खिडकीशी सरळ पाठीच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीवर म्युरिअलने सकाळीच एक टॉवेल पसरला होता. मावशीने तो बघितला, घडी करून खाली ठेवला आणि मगच बसली.

प्रिंगलजवळ छापलेली प्रश्नावली होती. त्याने विचारलं, “मोसमापुरत्या मासळीच्या कामाला जाणाऱ्या बायकांना तुमच्याकडे काय म्हणायचे?”

“गटिन क्वाइन,” मावशी म्हणाली. “आतडी काढणारी पोर. साठीची झाली तरी पोरच.”

“आणि दुसऱ्या बंदरांत?”

शेटलंडात गिपर म्हणायचे, असं तिने सांगितलं. डॉलीनाच्या बेटावर त्यांच्या गेलिक बोलीत जे म्हणायचे त्याचा अर्थ हेरिंगच्या लेकी. आणि पश्चिमेकडून जे बापे मोसमापुरते बोटींवर चढायचे, ज्यांचं स्वतःचं जाळं नसायचं, त्यांना अर्ध्या वाट्याचे. प्रिंगल भराभर लिहीत होता. प्रत्येक शब्दाला तो मान डोलवायचा, जणू ताटलीत कुणी गरम पाव वाढतंय.

म्युरिअल मध्येच केक घेऊन आली आणि हेरिंगच्या लेकी हा किती छान शब्द आहे, हा शनिवारच्या फलकावर मोठ्या अक्षरांत हवा, असं म्हणाली.

“यारमथला काय म्हणत?” प्रिंगलने विचारलं.

“घाणी.”

“काय म्हणालात?”

“घाणी. घाण मारणाऱ्या. मोसम सुरू झाला की भाड्याने खोल्या देणाऱ्या बायका कुंपणावरून एकमेकींना विचारायच्या, तुझ्याकडे घाणी किती? माझ्याकडे सहा घाणी.”

“आई गंमत करतात,” म्युरिअल म्हणाली.

“मी गंमत करत नाही,” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात चढउतार नव्हता. मग ती सांगत गेली, आम्ही यायच्या आधी त्या बायका काय करायच्या. गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकायच्या. पडदे काढायच्या. आणि खोलीच्या भिंतींना खांद्याच्या उंचीपर्यंत तपकिरी कागद चिकटवायच्या, दुकानात पुड्या बांधतात तो. आमचा वास भिंतीत जाऊ नये म्हणून. एका खोलीत सहाजणी, एका पलंगावर तिघी, आणि रात्री कूस वळली की तो कागद कुरकुरायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं उंदीर आहेत. डॉलीनाने सांगितलं, उंदीर नाहीत गं, आपणच.

टेपची चाकं फिरत होती. प्रिंगलने पेन्सिल खाली ठेवली. त्याचे डोळे चमकत होते. “अप्रतिम,” तो म्हणाला. “किती सुंदर तपशील आहे हा.”

“यात सुंदर काय?” मावशीने विचारलं.

त्याने केकचा तुकडा तोडला.

मग मावशीने एक गोष्ट सांगितली, जी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ती म्हणाली, आम्हाला घाणी म्हणत म्हणून आम्ही काही शहाण्या झालो नाही. बेटावरच्या पोरींना आम्ही ट्यूक्टर म्हणायचो, डोंगरातलं गबाळ अशा अर्थाने. त्यांच्या कपड्यांना पीटच्या, म्हणजे चुलीत जाळतात त्या दलदलीच्या मातीच्या, धुराचा वास यायचा. पहिल्या मोसमात डॉलीनाला मी पलंगाच्या कडेला झोपवलं आणि मधे ॲनीला घातलं. वास लागू नये म्हणून. आणि आम्ही तिघी तेव्हा आतड्यांत नखशिखांत बुडालेल्या होतो. “ते लिहून घ्या,” ती म्हणाली. “हा शब्दही मी तोंडाने उच्चारलाय. पंचवीस मोसम तिने माझे मासे रचले, आणि तिला इंग्रजी कळायला लागलं तेव्हाच कळलं असणार मी तिला काय म्हणायचे ते.”

तेवढ्यात रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला आणि खिडक्या थरथरल्या. प्रिंगलने मशीन थांबवलं. तो फार अदबीने म्हणाला, त्या आवाजात मागचं बुडालं असेल, यारमथचा तो शब्द तेवढा पुन्हा म्हणाल का?

“घाणी,” मावशीने टेपरेकॉर्डरजवळ तोंड नेऊन सांगितलं. “अजून हवंय?”

तो गेल्यावर म्युरिअल सगळ्या खिडक्या उघडत फिरली. टेबलाखाली पडलेल्या केकच्या चुऱ्यावरून तिने झाडू फिरवला, मग खुर्चीखालून दोनदा. मी निघाले तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर उभी होती आणि काहीतरी मनात मोजत होती. मला वाटलं पाहुण्यांच्या चादरी.

गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात रंगीत तालीम होती. मावशीला काठी घेऊन चढ उतरायचा, म्हणून मी सोबत गेले. म्युरिअल आली नाही. घरी काम आहे म्हणाली.

सभागृहात ऑगिल्वीबाई होत्या, गळ्यात मोत्यांची माळ आणि पायात समुद्रावर घालतात तसे कॅनव्हासचे बूट, धक्क्याला शोभावेत म्हणून. शाळेच्या चित्रकलामास्तरांनी फलक रंगवला होता. मधे लाल गालांची हसरी पोर, दोरखंडासारखी वळलेली निळी अक्षरं, आणि पोरीभोवती शब्द. हेरिंगच्या लेकी सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत. मग गटिन क्वाइन, गिपर. अर्ध्या वाट्याचे खाली एका कोपऱ्यात, कारण जागा उरली होती.

“यारमथचा शब्द कुठाय?” मावशीने विचारलं.

ऑगिल्वीबाई हसल्या. प्रिंगलसाहेबांनी यादी दिली होती, त्या म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांच्या अभ्यासासाठी नक्कीच मोलाचा आहे, पण शनिवारी लहान मुलं येणार. ट्यूक्टरही म्हणूनच गाळला. कुणाला टोचायला नको. आपण उत्सव करतोय.

मावशीला टेबलाशी बसवलं. टेबलावर प्लास्टिकचा पांढरा टब, त्यात बर्फ, बर्फावर मासे. बाजूला लाकडी मुठीची लांब सुरी, पाव कापायची. ऑगिल्वीबाईंनी स्वतः मावशीच्या बोटांना चिंध्या बांधायला घेतल्या. औषधाच्या दुकानातली नवीकोरी पट्टी, आणि प्रत्येक बोटावर फुलपाखरासारखी गाठ.

मला हसू आलं आणि लगेच जिरलं, कारण मावशी आपल्या हाताकडे बघत होती, अंगावर काही सांडावं तशी. चिंधी पिठाच्या पोत्याची असते. गाठ बोटाच्या पाठीवर येते, दातात धागा धरून करकचून मारलेली, आणि टोकं कापून टाकलेली, नाहीतर सुरी त्यात अडकते. हे गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. विचारलं कुणीच नव्हतं.

“आता मासा घ्या,” ऑगिल्वीबाई म्हणाल्या.

मावशीने मासा उचलला. तो हेरिंग नव्हता. त्या वर्षी आमच्या समुद्रात हेरिंग धरायला सरकारची बंदी होती, मासा संपत आला होता. हेरिंगच्या दिवसाला हेरिंग नाही हे कुणाला खटकलं नव्हतं. गावात मासे विकत फिरणाऱ्या व्हॅनवाल्याकडून हॅडॉक नावाचा दुसराच मासा आणला होता. मावशीने अंगठ्याने त्याचं पोट उघडलं. आत पांढरं, धुतलेलं, रिकामं. व्हॅनवाला साफ करूनच विकतो.

“याचं काम झालंय,” ती म्हणाली.

“हो, मुद्दामच. रक्त नको,” ऑगिल्वीबाई म्हणाल्या. “तुम्ही फक्त हात फिरवा. कापल्यासारखं करा. आणि जमलं तर थोडं गुणगुणा.”

असं म्हणून त्यांनी पर्समधून एक लहान बाटली काढली आणि टबावर तीनचार थेंब शिंपडले. लव्हेंडरचं पाणी. उकाडा आहे, शनिवारी लोकांच्या नाकाला त्रास नको, असं त्यांनी समजावलं.

मी मावशीचा चेहरा पाहिला. या बाईने आतड्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून पाव खाल्ला होता, पंचवीस मोसम. कुजलेल्या पिंपात डोकं घातलं होतं. आता तिचा रंग उडाला, तिने तोंडावर मनगट धरलं आणि खुर्ची मागे सारली. लव्हेंडर लावलेला रिकामा मासा तिला सोसला नाही. मी तिला बाहेर नेलं. पायऱ्यांपाशी तिने दातांनी एकेक फुलपाखरू सोडलं आणि पट्ट्या कचऱ्याच्या पिंपात टाकल्या.

घरी येताना चढावर ती दोनदा थांबली. मला वाटलं आता नाही म्हणणार. पण नाही. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा ती म्हणाली, “बसेन मी. पोरीने शब्द दिलाय. एकवीस वर्षं झाली तिला या गावात, कुणी चहाला बोलावलं नाही. ते काय असतं मला माहीत आहे.” मग थोडं चालून म्हणाली, “पण माझा झगा, माझी सुरी. आणि ॲलिस्टरला पीटरहेडच्या बंदरात पाठवून साफ न केलेले मासे आणायचे, कुठले का असेनात. आणि तो शब्द मी स्वतः खडूने लिहीन फलकावर. एवढं मानलं तर बसेन.”

“मानेल ती,” मी म्हणाले.

“बघू.”

घरात आलो तर पाइनच्या जंतुनाशकाचा वास डोळ्यांत गेला. म्युरिअल जिन्यावरून उतरत होती, केसांना रुमाल, हातात टाचण्यांची डबी. चेहरा लाल झाला होता आणि ती खुशीत होती, एखादं काम वेळेत उरकल्यावर माणूस असतं तशी.

“बरं झालं आलात. तुमच्या खोलीचं काम झालं बघा,” ती म्हणाली.

मावशीची खोली मागच्या बाजूला, तळमजल्यावर. दार उघडं होतं. वसंतात म्युरिअलने त्या खोलीत गुलाबांचा नवा वॉलपेपर लावला होता, कारण कधी ना कधी ती खोलीही पाहुण्यांना जाणार होती. आता गुलाब दिसत नव्हते. पलंगाच्या दोन बाजूंच्या भिंतींना, खांद्याच्या उंचीपर्यंत, तपकिरी कागद लावला होता. तिच्या वडिलांच्या दुकानातला, रुंद पट्टीचा. कडा सरळ, प्रत्येक वीतभर अंतरावर टाचणी. तिने काम चोख केलं होतं. गालिचा गुंडाळून नेला होता. पडदे काढले होते. खुर्चीवर प्लास्टिक.

आम्ही दोघी दारात उभ्या होतो. म्युरिअलने समजावून सांगितलं. ओरडून नाही, उलट लाडीगोडीने. दातांच्या डॉक्टरांच्या बायकोला वास येतो तो या भिंतीतून येतो, पलीकडे त्यांची न्हाणी आहे. आई त्या पेटीत हात घालतात आणि तेच हात घेऊन भिंतीला टेकतात. नवा वॉलपेपर, वास धरला की सुटत नाही. उन्हाळाभरच ठेवायचंय. “आणि कल्पना तुमचीच हो आई,” ती म्हणाली. “काल तुम्ही त्या साहेबांना सांगितलंत ना, यारमथच्या बायका कागद लावायच्या? मला पटलं. स्वस्त आणि मस्त. मला कधी सुचलंच नसतं.”

ती खरंच कौतुकाने म्हणाली. मी शपथेवर सांगते, त्यात काही लागट नव्हतं. तिने ती अख्खी गोष्ट ऐकली होती, केकची ताटली हातात धरून ऐकली होती, आणि त्यातून तिला मिळाली ती घर नीट ठेवायची एक युक्ती.

मावशी आत गेली आणि पलंगावर बसली. काठी बाजूला ठेवली. तिने तळहात भिंतीला टेकवला आणि थोडा दाबला. कागद कुरकुरला. तिने हात काढला, पुन्हा टेकवला, पुन्हा तोच आवाज. मग तिने हात आपल्या नाकाशी नेला आणि हुंगला. बराच वेळ हुंगत राहिली. तिला नेमका कशाचा वास आला, मला सांगता येणार नाही.

“नेट्टी,” ती मला म्हणाली, “तुझ्या आईला पलंगाच्या मधे घालायचे मी. तिला भिंत मिळाली नाही आणि कडाही मिळाली नाही. दोन्हीकडून आम्ही.”

“तिने कधी तक्रार केली नाही मावशी.”

“करायला हवी होती.”

म्युरिअल तोवर स्वयंपाकघरात गेली होती. तव्यावर काही चुरचुरत होतं. मी निघते म्हणाले, तर मावशीने माझं मनगट धरलं. जेवून जा म्हणाली. तिला कुणीतरी तिथे हवं होतं.

आम्ही चौघं टेबलाशी बसलो. म्युरिअलने ताटल्या मांडल्या. खोक्यातल्या गोठवलेल्या मासळीचे चौकोनी तुकडे, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेले, आणि मटार. त्यांना ना काटा ना कातडं ना डोळा, आणि वास तर नाहीच. ॲलिस्टरने मीठ मागितलं. म्युरिअल सभागृहात काय काय झालं ते मला विचारत होती. ऑगिल्वीबाई काय म्हणाल्या, त्यांनी कुठली माळ घातली होती, शनिवारी चहाचं काही बोलल्या का. मी हो, नाही करत राहिले. मावशीने एक तुकडा काट्याने उलटा केला, तळाकडून पाहिला आणि ताटलीच्या कडेला सरकवला.

“खा ना आई,” ॲलिस्टर म्हणाला.

“माझ्या खोलीला कागद लावलाय. तू पाहिलास?” तिने विचारलं.

त्याने मटार गिळले. हिनेच टाचण्या मागितल्या होत्या, तो म्हणाला, त्याने फक्त कागद धरला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्याने काटा खाली ठेवला आणि कानापर्यंत लाल झाला. बुधवारी तो घरात नव्हता आणि ती गोष्ट त्याने त्या दिवशी ऐकलेली नव्हती. पण तो एल्स्पेटचा मुलगा होता. यारमथच्या भिंती त्याला पाळण्यापासून माहीत होत्या.

“आई, मी काढतो तो. आत्ता काढतो,” तो म्हणाला.

“बस. राहू दे. तिने मेहनत केलीय.”

म्युरिअल एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला खरंच कळत नव्हतं. तिने विचारलं की आता काय बिघडलं, उन्हाळ्यापुरताच तर आहे.

“आमचंही मोसमापुरतंच असायचं,” मावशी म्हणाली.

तिने ताटली बाजूला सारली, दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्या हातांवर मिठाच्या भोकांच्या पांढऱ्या खुणा होत्या, बोटांच्या सांध्यांवर, गोल गोल. मग तिने एकेक गोष्ट सांगितली, बाजाराची यादी सांगावी तशी.

“शनिवारी मी धक्क्यावर बसणार नाही. ऑगिल्वीबाईंना तू सांग, नाहीतर नेट्टी सांगेल. सोमवारी मी खाली माझ्या घरी राहायला जातेय. तिथे कोण येणार होतं, ग्लासगोचे लोक, त्यांना उद्या सकाळी फोन कर. ॲलिस्टर पेटी उचलून नेईल. म्युरिअल, किल्ली.”

तिने टेबलावर हात उताणा केला आणि तसाच ठेवला.